गरिबाची लाख

लाख हा शब्द मूळचा आपला. संस्कृतात लाक्षा, प्राकृतात लक्ख, मग फारसी-अरबीतून फिरत फिरत तो इटलीत पोचला आणि तिथे त्याचं 'लाक्का' झालं. इंग्रजांचं 'लॅकर' त्याच घराण्यातलं. आपल्याला लाख म्हटलं की लाक्षागृह आठवतं, नाहीतर पोस्टातली पार्सलावरची सील. मला मात्र हल्ली व्हेनिस आठवतं. त्याचं कारण आईचं कपाट, पण त्याकडे जरा वेळाने येते.

सतराव्या शतकात युरोपात चीन-जपानहून काळीभोर, आरशासारखी चकचकीत कपाटं आणि पेट्या यायला लागल्या. सोन्याने रेखाटलेले डोंगर, बगळे, छोटे छोटे पूल. ज्याच्या घरी असं एक कपाट तो मोठा माणूस. किंमत अर्थातच परवडण्यापलीकडची. मग तिथल्या कारागिरांनी ठरवलं की हे आपणच करू. इथे गंमत अशी, की तो पूर्वेकडचा लेप एका झाडाच्या चिकापासून होतो. ते झाड युरोपात नाही, आणि तो चीक जहाजावरून तिथवर टिकत नाही. शिवाय ओला चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं ते वेगळंच. म्हणजे खरी वस्तू समोर आहे, पण ती ज्याची बनते तो पदार्थच मिळत नाही.

मग काय वापरलं? तर आपली लाख! पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात ती गोळा करून, स्वच्छ करून, तिचे पातळ पापुद्रे हिंदुस्थानातून जायचे. ते मद्यार्कात विरघळवायचे आणि थरावर थर द्यायचे. १६८८ साली ऑक्सफर्डमध्ये जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर या दोघांनी याच विद्येवर एक पुस्तक काढलं. लाख कशी विरघळवायची, थर किती द्यायचे, घासायचं कधी, हे सगळं त्यात आहे, आणि शेवटी ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांच्यासाठी गिरवायला चोवीस पानं नमुने. आपल्याकडच्या रांगोळीच्या पुस्तकांसारखे. हा प्रकार त्यांनी 'जपानिंग' म्हणून रूढ केला. लाख हिंदुस्थानची, नाव जपानचं, कपाट इंग्लंडचं. असो.

पण गिरवायलासुद्धा हात लागतो. व्हेनिसमध्ये अठराव्या शतकात याच्यावर जो तोडगा निघाला तो मला सगळ्यांत आवडतो. तिथे लाकडावर रंगकाम करणारे कारागीर चित्रकारांच्या संघात मोडायचे आणि त्यांच्या हातचं काम महाग असायचं. मग कुणीतरी चित्र काढणंच टाळलं. साध्या, स्वस्त लाकडाचं कपाट किंवा मेज घ्यायचं, त्यावर खडू आणि सरसाचा पांढरा लेप द्यायचा, वर पिवळा, हिरवा नाहीतर लाल रंग. मग छापील चित्रं आणायची, रंगवायची, बारीक कात्रीने कापायची आणि चिकटवायची. शिकारी, छत्रीवाले चिनी, कुत्री, फुलांचे गुच्छ, काहीही. त्यावर वॉर्निशचे थर, एकावर एक, इतके की कागदाची कड बोटाला लागेनाशी व्हावी. लाखही नको, सँडारॅक नावाची राळ त्यांना पुरायची. हे नाव वाचल्याबरोबर मला आमच्या पॉलिशवाल्या काकांच्या तोंडचा चंद्रस आठवला. या साऱ्या प्रकाराला 'लाक्का पोवेरा' म्हणतात, म्हणजे गरिबाची लाख.

ही चित्रं यायची कुठून? व्हेनिसपासून फार लांब नसलेल्या बास्सानो गावात रेमोंदिनी नावाच्या घराण्याचा छापखाना होता. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६१पर्यंत तो चालला आणि त्याच्या भरात युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या छापखान्यांत गणला जायचा. देवादिकांची चित्रं, पत्ते, खण आणि पेट्यांना आतून लावायचे नक्षीचे कागद, आणि खास कापण्यासाठीच छापलेल्या चित्रांचे तक्ते. तेझिनो खोऱ्यातले फेरीवाले ही चित्रं पाठीवरच्या पेटीत घालून पार रशियापर्यंत पायी विकायला जायचे. कापण्यासाठी छापलेला कागद न कापता कोण ठेवणार? त्यामुळे अख्खे तक्ते दुर्मिळ, आणि चित्रं जी उरली त्यांतली कितीतरी कपाटांच्या दारांवर, वॉर्निशच्या आत. आज लिलावात चांगल्या लाक्का पोवेरा कपाटाला जो भाव येतो तो पाहिला तर त्याला गरिबाचं म्हणायला जीभ धजत नाही.

पुढे ही हौस बायकांच्या हातात गेली आणि वेड झालं. पॅरिसमधली मादमोआझेल आइसे १७२७च्या एका पत्रात लिहिते, की लहानथोर सगळे कात्री घेऊन बसलेत. इंग्लंडात मेरी डेलानीने १७२९ साली आपल्या बहिणीला कळवलं होतं की जो तो जपानकामाने झपाटलाय आणि मीही शिकतेय. १७६०च्या सुमारास रॉबर्ट सेयर नावाच्या प्रकाशकाने बायकांसाठी एक जाडजूड नमुनासंग्रह काढला. त्यात दीड हजारांच्या वर चित्रं, कापा आणि चिकटवा. त्यात एक सल्ला आहे त्यावर मी खूप हसले. हिंदुस्थानी आणि चिनी विषय असतील तर हवी ती मोकळीक घ्या, म्हणे, त्यांच्याकडे फुलपाखरू हत्तीला पेलतं असंही चालतं! आपल्याबद्दलची समजूत अशी कपाटाच्या दारादारांवर चिकटून बसली होती.

या मेरीबाईंबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. नवरा १७६८ साली गेला. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, या बाईने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर एक फूल केलं, पाकळी, देठ, परागासकट. मग पुढची दहा वर्षं ती तेच करत राहिली. जवळजवळ हजार फुलं झाली, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने इतकी अचूक की तज्ज्ञ माना डोलवायचे. डोळे साथ देईनात तेव्हा थांबली. ती फुलं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तरुणपणी जपानकामात वळलेला हात म्हातारपणी असा कामी आला. कात्री आणि खळ याला 'बायकांचा टाइमपास' म्हणणाऱ्यांना (आमच्या घरात असे दोघे आहेत, ते हे वाचतीलच) मी हे मुद्दाम सांगते आहे.

आपल्याकडे हे नव्हतं असं अजिबात समजू नका. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. नुसत्या टांगून लोकांचं समाधान होईना. त्या चित्रातल्या देवीला खऱ्या कापडाचं लुगडं, जर, टिकल्या चिकटवून नटवायची. माझ्या आजोळी अशी एक सरस्वती होती. तिच्या काठाची जर काळी पडली होती पण वीणेवरच्या टिकल्या चमकायच्या. आणि सावंतवाडी तर आहेच. तिथले चितारी चिंचोक्याची खळ, खडू, रंग आणि लाख वापरून गंजिफा करायचे. पत्त्यांचा खेळ मागे पडला तशी कलाही जायला आली. ती शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. पाट, चौरंग, पेट्या, खुर्च्या अशा लाकडी सामानावरही ती नक्षी चढली. ती खरी, हाताने काढलेली. आम्ही दुसऱ्या जातीचे, कापून चिकटवणारे.

तर आता कपाट.

आईच्या लग्नात, १९६७ साली, आजोबांनी सुताराकडून पलंग, आरशाचं टेबल आणि दोन दारांचं कपाट करून घेतलं. साग बऱ्यापैकी. काही वर्षांनी मुंबईच्या दमट हवेत पॉलिश गेलं म्हणून बाबांनी त्याला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट फासला, मग एकदा क्रीम, मग पुन्हा पिस्ता. आणि आईने आतून कागद लावले. आधी तपकिरी, मग साड्यांच्या खोक्यातले फुलाफुलांचे, मग कालनिर्णय सुरू झाल्यावर त्याची पानं. प्रत्येक दिवाळीला एखादा नवा थर, मैद्याच्या खळीने, मोरचूद घालून, म्हणजे झुरळं खात नाहीत. आई गेल्या वर्षी गेली. घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा माझ्या मुलीने हा संच तिच्या बाळाच्या खोलीसाठी मागितला. रंगवू, नवीन नक्षीचा कागद लावू, छान दिसेल.

दादा म्हणाला, "सगळं खरवडून टाक. आत साग आहे, पॉलिश मार. त्या कागदात काय आहे?"

कागदात काय होतं ते मी दार उघडून त्याला दाखवलं. एका पानावर पेन्सिलने दुधाचा हिशोब. एका तारखेभोवती गोल, बाजूला 'फी'. एकावर दादाच्या मुंजीला कुणी काय दिलं त्याची यादी, नावांसकट. मार्चच्या पानावर, बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या दिवसांत, रोजचा एक आकडा. ताप असावा. तो आकडा एकवीस तारखेला थांबतो. दादा बराच वेळ तिथे उभा होता. मग म्हणाला, "बाहेरून तरी खरवड."

पण बाहेरचं खरवडणंच खरं अवघड निघालं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. रंग लवकर वाळावा, झळकावा, म्हणून. अमेरिकेने घरगुती रंगांतून ते १९७८ साली हद्दपार केलं, आपल्याकडे दहा लाखांत नव्वद भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. मधल्या काळात जे फासलं ते फासलं. मी पिस्त्याचा एक पापुद्रा प्रयोगशाळेत दिला. शिसं निघालं, आणि थोडंथोडकं नाही. असा रंग कोरडा घासला की धूळ होते, ती जमिनीवर बसते, रांगणारं मूल तिच्यावरून हात फिरवून तोंडात घालतं. लहान मुलाच्या मेंदूला शिसं चालतं असं कुठलंच प्रमाण नाही. रंगवायला येणारा माणूस पहिल्या दिवशी मशीनच घेऊन आला होता. म्हणे, अर्ध्या दिवसात गुळगुळीत करून देतो. त्याला चहा देऊन परत पाठवलं.

व्हेनिसवाल्यांनी कपाटाला शिशाचा पांढरा नि आर्सेनिकचा पिवळा लावलेला असू शकतो, त्यांची मुलंही त्याच खोल्यांत रांगत असतील. जुनं म्हणजे निर्मळ असं आपण फार लवकर धरून चालतो.

शेवटी मुलीशी फोनवर तासभर बोलून असं ठरलं. पलंगावर रंग कधी चढलाच नव्हता, फक्त पॉलिश. तो आणि आरशाचं टेबल बाळाकडे जाणार. टेबलाला एकच थर होता. तो गच्चीवर, मूल घरात नसताना, पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने काढला, चिखल प्लॅस्टिकमध्ये बांधला, हातमोजे मास्कसकट. भेगांत लांबी भरली, मग पाण्यात विरघळणारा पांढरा रंग, आणि खणांच्या तोंडांवर कागद. नक्षीचा तयार कागद न आणता मी गंजिफाच्या चित्रांच्या प्रती काढून कापल्या. दशावतारातला मत्स्य नि कूर्म खालच्या खणांवर, म्हणजे बाळाच्या नजरेच्या उंचीवर. कागदाच्या मागून आधी पातळ फेव्हिकॉल, मधून बाहेर ओल्या फडक्याने बुडबुडे काढायचे, वाळू द्यायचं, मग वॉर्निशचे थर. नऊ दिले. सातव्याला कड बोटाला लागेनाशी झाली. त्या क्षणी बास्सानोच्या फेरीवाल्यांपासून सगळी मंडळी माझ्या गच्चीवर हजर होती असं वाटलं :)

कपाट माझ्याकडे आलं. त्याचा रंग बाहेरून शाबूत आहे, सुटत नाही, म्हणून न घासता, फक्त पुसून, वर नवीन रंगाचे दोन थर देऊन शिसं आत कोंडलं. बाळ येईल तेव्हा ती खोली बंद. आतल्या दाराला मी चपडी लाख लावली. आधी कागदावर सरसाचं पातळ पाणी फिरवलं, नाहीतर स्पिरिट कागदात मुरतं आणि डाग पडतात. मग लाखेचे तीन थर. लाखेने सगळं किंचित मधाळ झालं, पेन्सिलच्या रेघा उलट आणखी काळ्या दिसायला लागल्या. खालच्या थरात काय काय आहे ते आता कधी कळणार नाही. एका कोपऱ्यात कालनिर्णयचं पान फाटून मागचं गुलाबी फूल डोकावतं, ते तसंच ठेवलंय.

दादा परवा आला होता. मुंजीच्या यादीत एका नावापुढे 'पितळी तांब्या' लिहिलंय ते वाचून म्हणाला, "तो तांब्या वहिनीने मोडीत काढला. तिला सांगू नको हे."