औद्योगिक समूहांतून परदेशी विस्तार

एकाच व्यवसायाचे अनेक कारखाने, त्यांचे पुरवठादार, कुशल कामगार आणि तंत्रशिक्षण संस्था जिथे एकवटतात, अशा परदेशी औद्योगिक समूहात शिरून उत्पादकाने केलेला विस्तार. अशा एकवटण्याचे लाभ अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये विशद केले. १९९० मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी ही कल्पना नव्याने रुजवली.

पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्ज (स्थापना १९६१) हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. मोटारींसाठी पोलादी भाग घडवणाऱ्या या कंपनीने २००४ मध्ये जर्मनीतील एनेपेटाल येथील कार्ल डान पेडिंगहाउस ही कंपनी घेतली. रूर खोऱ्यालगतचा हा टापू लोहारकामासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. नवा कारखाना उभारला असता, तर ग्राहकांचा विश्वास आणि अनुभवी कारागीर मिळवण्यात बरीच वर्षे गेली असती. खरेदीमुळे दोन्ही एकदम हाती आले. जर्मन वाहननिर्मात्यांचे अभियंते नव्या भागाचा आराखडा पुरवठादारासोबत बसून ठरवतात, म्हणून ग्राहकांचे सान्निध्य स्वस्त मजुरीपेक्षाही मोलाचे ठरते. पुढे एकच भाग पुण्यात आणि ग्राहकाजवळ अशा दोन्ही ठिकाणी घडवण्याची पद्धत कंपनीने अवलंबली. २००५ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतील (लॅन्सिंग, मिशिगन) कारखानेही तिने घेतले.

समूहात शिरणाऱ्याला त्या प्रदेशाची मंदीही वाट्याला येते. २००८-०९ मध्ये अमेरिकी मोटारउद्योग कोसळला, तेव्हा मिशिगनमधील पुरवठादारांना त्याची जबर झळ बसली.