गायिका हिराबाई बडोदेकर

आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिकेत काहीतरी लिहावे असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी भजनाची आवड असल्यामुळे ज्या बाईंविषयी मी पुष्कळ वाचले व ऐकले, त्या हिराबाई बडोदेकरांची माहिती भगिनींपुढे ठेवीत आहे.

हिराबाईंचा जन्म मे १९०५ मध्ये मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब, आणि आई ताराबाई माने या बडोद्याच्या. लहानपणी हिराबाईंचे नाव चंपाकली होते. पुढे आईवडिलांचे पटेनासे झाले व १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या काळी पाच मुलांची आई नवऱ्यावाचून संसार चालवू म्हणते, ही गोष्ट लहान नव्हे. ताराबाईंनी मुलांना नवी नावे दिली. चंपाकलीची हिराबाई झाली, थोरले बंधू सुरेशबाबू माने झाले आणि धाकटी बहीण सकीना पुढे सरस्वतीबाई राणे या नावाने प्रसिद्ध झाली.

हिराबाईंनी बंधू सुरेशबाबूंकडे व किराणा घराण्याचेच अब्दुल वहीद खाँसाहेब यांच्याकडे तालीम घेतली. या घराण्यात घाई नाही. एकेक सूर सावकाश लावायचा, तो पूर्ण खुलला म्हणजे पुढच्या सुराकडे जायचे. मोठ्या कुटुंबाच्या रगाड्यात ज्यांनी शांतपणे पुरणपोळ्या केल्या आहेत, त्यांना या सबुरीची किंमत निराळी सांगायला नको.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १९२१ साली, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी मुंबईस भरविलेल्या संगीत परिषदेत त्या गायल्या. त्या वेळी घरंदाज बाईने चारचौघांत गाणे म्हणजे अब्रू घालविणे, अशी समजूत होती. गायिका गात असत, पण खाजगी बैठकीत. धनिकाच्या मर्जीने आणि त्याच्याच पाहुण्यांपुढे. हिराबाईंनी ही रीत मोडली. तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या त्या पहिल्या मराठी गायिका मानल्या जातात. तिकिटामुळे मोठी गोष्ट घडली. ज्याच्याजवळ पैसे तो येऊन बसे, बायकाही नवऱ्याबरोबर येऊन ऐकत, आणि गाणारीला कोणाच्या मेहेरबानीवर राहावे लागत नसे. साधे लुगडे, डोक्यावर पदर, हातवारे नाहीत, नखरा नाही. शांत बसून गाणे. त्यामुळे टीका करणाऱ्यांना बोट ठेवायला जागाच राहिली नाही.

ताराबाईंनी नाटक कंपनीही काढली. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची तेव्हा वहिवाट होती. या कंपनीत स्त्रिया स्त्रियांच्याच भूमिका करीत. ‘सौभद्र’ नाटकात हिराबाई सुभद्रा होत. कंपनीला कर्ज झाले, ते हिराबाईंनी जलसे करून फेडले. घराचा भार अंगावर घेणारी थोरली मुलगी आपल्यालाही परकी नाही.

सरोजिनी नायडूंनी त्यांना ‘गानकोकिळा’ म्हटले. १९५३ साली सरकारच्या शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण मिळाले. धाकट्या बहिणीबरोबर त्यांनी केलेली जुगलबंदी हा बायकांच्या गाण्यातला नवाच प्रकार होता. डॉ. प्रभा अत्रे या त्यांच्या व सुरेशबाबूंच्या शिष्या. त्यांना २०२२ साली पद्मविभूषण मिळाले. हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ रोजी निवर्तल्या.

आता आमच्याविषयी थोडे. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुण्यामुंबईचे जलसे आमच्या आज्यांना कुठून ऐकायला मिळणार? पण गाणे त्यांच्याजवळ होते; पहाटे जात्यावर ओव्या म्हणत त्या दळण दळीत. ते गाणे उंबऱ्याच्या आत राहिले, एवढेच. अंबाजोगाईस मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवात आमच्या मंडळाने माइकवर भजन करायचे ठरविले, तेव्हा आमच्या नात्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, “देवघरात म्हणा की, माणसांपुढे कशाला?” मी उत्तर दिले नाही, परंतु भजनाला गेले. त्या वर्षी आम्ही पाचजणीच उभ्या राहिलो. आता एकवीसजणी आहोत.

हिराबाईंसारखा गळा आपल्यातल्या कोणाला असेल असे मी म्हणत नाही. परंतु आज आपण माणसांत ताठ बसून गातो, त्याची किंमत अशा बायकांनी आधी मोजली आहे. ज्या भगिनींच्या मुली व सुना गाणे शिकू म्हणतात, त्यांनी “लोक काय म्हणतील” हे आधी विचारू नये. मुलीचा सूर लागतो का, ते आधी पाहावे.