पक्षाघातानंतरचे बोधन-मूल्यमापन

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर रुग्णाचे लक्ष, स्मरण, दिशांचे भान, कामाची आखणी आणि निर्णयशक्ती यांपैकी काय शाबूत आहे व काय बिघडले आहे, हे त्याच्या रोजच्या कामांवरून ठरवण्याची व्यवसायोपचारातील पद्धत. हात-पाय लुळे पडलेले चटकन दिसतात. बोधनातला बिघाड मात्र पुष्कळदा घरी गेल्यावर उघड होतो. तोवर घरची माणसे ‘यांना सगळं कळतं हो, फक्त हात उचलत नाही’ असेच सांगत असतात.

तपासणीला बसण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्या लागतात : चष्मा डोळ्यांवर आहे का, ऐकू येते का, झोप झाली आहे का, औषधाची गुंगी किंवा मनाची खिन्नता आहे का. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली असेल, तर वाचाघाताची शक्यता असते. बोलता न येणे म्हणजे न कळणे नव्हे.

त्यानंतर प्राथमिक चाचणी. मोका (माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, २००५) ही ३० गुणांची चाचणी सर्वाधिक परिचित. २६ पेक्षा कमी गुण पडल्यास पुढे खोलात तपासतात. शिक्षण १२ वर्षे किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण वाढवून देतात, पण हाती कधी पेन्सिलच न धरलेल्या आजींकडून घनाकृती काढून घ्यायची, तर त्या एका गुणाने न्याय होत नाही. ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन पक्षाघातासाठीच बेतलेली आहे. वाचाघात व एका बाजूचे दुर्लक्ष गृहीत धरून ती प्रत्येक क्षमतेचा निकाल वेगळा देते, सगळ्यांची एक बेरीज करत नाही.

मेंदूच्या उजव्या भागाच्या इजेत डाव्या बाजूचे दुर्लक्ष विशेष आढळते. कागदावर विखुरलेले छोटे तारे खोडायला दिले, तर रुग्ण उजवीकडचे खोडतो आणि काम संपले म्हणून पेन ठेवतो. जेवणाच्या ताटावर हे आणखी स्पष्ट दिसते. उजवीकडची भाजी-आमटी संपते. डावीकडचे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते आणि रुग्ण ‘आज चटणी नाही वाढली?’ असे विचारतो. ताट फिरवले की ती त्याला सापडते. केवळ दृष्टिक्षेत्र अर्धे गेलेला रुग्ण बहुधा मान वळवून उणीव भरून काढायला शिकतो. दुर्लक्ष असलेल्याला वळायचे सुचतच नाही.

व्यवसायोपचाराचे खरे सामर्थ्य प्रत्यक्ष काम करवून घेण्यात आहे. इस्रायलमध्ये विकसित झालेल्या केटल टेस्टमध्ये रुग्णाला दोन गरम पेये करायला लावतात. आपल्याकडे चहा टाकायला सांगावा. आधण उकळून गेले तरी पावडर हातातच, साखर दोनदा, चहा गाळून झाला तरी गॅस चालू : यातली प्रत्येक चूक वेगळ्या बिघाडाकडे बोट दाखवते. उपचारक लगेच मदतीला धावत नाही. आधी थांबतो, मग ‘आता काय राहिलं?’ असे विचारतो, मग खूण करतो, त्यानंतर स्पष्ट सांगतो आणि शेवटी हात धरतो. किती आधाराने काम झाले, हीच महत्त्वाची नोंद. एक्झिक्युटिव्ह फंक्शन परफॉर्मन्स टेस्टचे गुणांकनही असेच चालते. तिच्यात स्वयंपाक, फोन, औषधे आणि बिल भरणे ही चार कामे आहेत. जन्मात चहा न केलेल्या आजोबांची परीक्षा मात्र गॅसपाशी घेऊ नये; त्यांना सुटे पैसे मोजायला किंवा आठवड्याच्या गोळ्या डबीत लावायला द्याव्यात.



काही रुग्णांना स्वतःतला बिघाडच जाणवत नाही. कॅथरिन बर्जेगो मापनश्रेणीत दाढी, कपडे, चालणे अशा १० बाबींवर उपचारकाचे निरीक्षण आणि रुग्णाचे स्वतःचे उत्तर शेजारी ठेवतात. दोहोंतले अंतर जितके मोठे, तितका धोका अधिक. अशा रुग्णाला घरी सोडताना गॅस, औषधे, पैशांचे व्यवहार आणि दुचाकीची किल्ली कोणाकडे राहील, हे घरच्यांशी बसून ठरवावे लागते. पहिल्या आठवड्यातला निष्कर्ष कायमचा धरत नाहीत. काही आठवड्यांनी, शक्य तर रुग्णाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, तपासणी पुन्हा करतात.