पाण्यातलं घोडं

घोडा आणि पाणी या दोन गोष्टींपासून मी जन्मभर सारख्याच अंतरावर राहिलो आहे. घोड्यावर बसता येत नाही आणि पाण्यात पोहता येत नाही. तेव्हा या दोन्ही धास्त्या एकत्र कालवून स्कॉटलंडच्या लोकांनी एकच प्राणी तयार केला आहे, असं वाचनात आलं आणि त्या दूरच्या मुलखाविषयी मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

या प्राण्याचं नाव केल्पी. मुक्काम वाहत्या पाण्यात, नदीच्या उताराच्या आसपास. तिन्हीसांजेला काठावर एक देखणं तट्टू उभं असतं. दमलाभागला वाटसरू म्हणतो, चला, पाय ओले व्हायचे वाचले! तो मांड टाकतो न टाकतो तोच घोडं जे उधळतं, ते थेट डोहात. पुढचं सांगायला वाटसरू परत येत नाही. तरी गोष्ट मात्र आपल्यापर्यंत व्यवस्थित पोचते.

पण केल्पी परवडला, असं म्हणायची पाळी आणणारा त्याचा थोरला भाऊ म्हणजे एख-उश्क. गेलिक भाषेत 'एख' म्हणजे घोडा आणि 'उश्क' म्हणजे पाणी. (याच 'उश्क'मधून व्हिस्की हा शब्द निघाला. मूळ अर्थ 'जीवनाचं पाणी'. रात्री-बेरात्री काठावर घोडे दिसण्याशी या व्युत्पत्तीचा संबंध असावा, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनी काढली. त्यांचा या विषयातला अनुभव दांडगा आहे.) हा राहतो समुद्रात आणि डोंगराळ भागातल्या सरोवरांत, ज्यांना तिकडे लॉख म्हणतात. याची कातडी डिंकासारखी. हात लागला की सुटायचं नाव नाही.

अ‍ॅबरफेल्डी गावाजवळची गोष्ट आहे. रविवारी दुपारी सात मुली आणि एक मुलगा फिरायला निघाले. सरोवराकाठी एक गोजिरवाणं शिंगरू चरत होतं. एक मुलगी बसली, मग दुसरी, मग तिसरी. मुलगा मात्र जरा चौकस होता. त्याच्या लक्षात आलं, की दर मुलीगणिक शिंगराची पाठ लांबत चालली आहे. आमच्या शहरातल्या बसला हे जमतं, पण घोड्याला? तो खडकांच्या कपारीत जाऊन दडला. घोडं सातही जणींना घेऊन पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला सात काळजं लागली. हा प्राणी बाकी सगळं खातो, काळीज तेवढं टाकतो. मुलाला काळजाचा तुकडा म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाचं हसू इथं जागच्या जागी थांबतं. दुसऱ्या एका गोष्टीत मुलाचं नुसतं बोटच चिकटतं. तो खिशातला चाकू काढून ते बोट छाटतो, म्हणून वाचतो.

वयात आलेल्या मुलींसाठी याच प्राण्याची वेगळी आवृत्ती आहे. उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जायचं आणि तिथंच झोपड्या करून राहायचं, हे काम तिकडे बायका आणि तरुण मुली करत. अशा एकांतात एक राजबिंडा तरुण येतो, गोड बोलतो आणि मांडीवर डोकं ठेवून झोपी जातो. मुलगी त्याच्या केसांतून बोटं फिरवते, तर केसांत वाळू आणि शेवाळ! ती शहाणी मुलगी किंचाळत नाही. डोक्याखालचा झग्याचा भाग अलगद कापून तिथंच ठेवते आणि घर गाठते. स्थळाची चौकशी इतक्या बारकाईनं आमच्या मावशीनंसुद्धा कधी केली नव्हती.

आता हे पाणी कसं आहे ते बघा. लॉख नेस सुमारे २३० मीटर खोल. काठापासून थोडं आत गेलं की तळ नाहीसा होतो. कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, त्यामुळे बुडालेलं पोर दिसायचंही नाही. शिवाय थंडी अशी, की पट्टीचा पोहणाराही आखडावा. असल्या काठाला कुंपण कोण घालणार? आई गुरं, पीट आणि चूल यांत गुंतलेली. मग तिनं काठावर एक घोडं बांधून ठेवलं. त्याला पगार नको, वैरण नको, आणि रात्रंदिवस पहारा! माझ्या आजीनं परसातल्या विहिरीत साती आसरा बसवल्या होत्या, त्याही याच हिशेबानं. मी विहिरीकडे फिरकलो नाही. आज हयात आहे आणि पोहता येत नाही, या दोन्हींचं श्रेय तिचं.

या गोष्टी टिपून कुणी ठेवल्या म्हणाल, तर एका पाद्रीबुवांनी! जॉन ग्रेगरसन कॅम्पबेल हे १८६१ पासून १८९१ साली वारेपर्यंत टायरी बेटावर धर्मोपदेशक होते. रविवारी व्यासपीठावरून देवाचं सांगायचं आणि बाकीचे दिवस म्हाताऱ्यांकडून भुतांचं ऐकायचं, असा त्यांचा क्रम असावा. त्यांचं पुस्तक १९०० साली, म्हणजे त्यांच्या पश्चात आलं.

मला स्वतःला सर्वांत आवडले ते मात्र मिंच सामुद्रधुनीतले निळे पुरुष. लुइस बेट आणि शिअंट बेटं यांच्या मधल्या पाण्यात हे राहतात. जहाज आलं की त्यांचा म्होरक्या कमरेपर्यंत वर येतो आणि कप्तानाला कवितेचं एक कडवं टाकतो. कप्तानानं तत्काळ तोडीस तोड कडवं परत टाकायचं. अडखळला की जहाज उलटं. म्हणजे भेंड्याच! फक्त इथं भेंडी चढत नाही, समुद्र चढतो. आमच्याकडचे काही नवकवी त्या वाटेनं पाठवून बघावेत, असा विचार मनात येऊन गेला. पण यमक न जुळल्यामुळे खलाशांचा उगाच जीव जायचा.

फॉल्कर्कजवळ कालव्याच्या काठी आता दोन केल्पी उभे आहेत. अँडी स्कॉट या शिल्पकारानं केलेली पोलादी घोड्यांची मुंडकी, प्रत्येकी ३० मीटर उंच. काम २०१३ साली पुरं झालं. नमुन्याला ड्यूक आणि बॅरन नावाचे दोन खरे क्लाइड्सडेल घोडे घेतले होते. कालव्यातल्या नावा ओढणाऱ्या, नांगर आणि गाडे ओढणाऱ्या घोड्यांचं ते स्मारक. ज्या जनावरानं पोरं पाण्यात ओढली, त्याचं नाव मिळालं पाण्यातून माल ओढणाऱ्याला! लोक मुलाबाळांसकट तिथं जातात आणि खाली उभे राहून फोटो काढतात. मीही छायाचित्र बारकाईनं पाहिलं. एक पोरगं पोलादाला हात लावून उभं होतं, आणि त्याची आई दुसरीकडेच बघत होती.