भंवरीदेवींनी उघडलेली वाट



तालुक्याच्या कचेरीत, बँकेत भिंतीवर एक पाटी दिसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, आणि खाली चार-पाच नावे. आपण ती वाचून पुढे जातो. हा शहरातल्या नोकरदार बायकांचा कायदा, असे आपल्याला वाटते. पण या कायद्याची सुरुवात एका खेड्यातल्या बाईपासून झाली. आज तिची गोष्ट सांगते.

राजस्थानात जयपूर जिल्ह्यात भटेरी नावाचे गाव आहे. तिथल्या भंवरीदेवी कुंभार समाजाच्या. १९८५ पासून त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातात, तशाच त्याही जायच्या. मानधन तुटपुंजे, पण काम जोखमीचे. मुलींच्या शाळेबद्दल बोलायचे, बालविवाह थांबवायचे.

१९९२ मध्ये अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरकारने बालविवाहाविरुद्ध मोहीम काढली. गावातल्या एका वजनदार घरात वर्षाचीही न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. भंवरीदेवींनी घरच्यांना समजावून पाहिले. पोलीसही येऊन गेले. तरी लग्न लागलेच, आणि राग निघाला भंवरीदेवींवर. त्यांची मडकी कोणी घेईना, त्यांना कोणी दूध देईना.

२२ सप्टेंबर १९९२ रोजी त्या नवऱ्याबरोबर शेतात काम करत होत्या. तिथे नवऱ्याला मारहाण झाली आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. फिर्यादीत त्यांनी पाच जणांची नावे दिली. वैद्यकीय तपासणी व्हायला ५२ तास लागले. पुरावा म्हणून पोलिसांनी त्यांचा घागरा ठेवून घेतला. नवऱ्याचा रक्ताने भरलेला फेटा अंगाला गुंडाळून त्या बाहेर पडल्या.

नोव्हेंबर १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. अपील वर्षानुवर्षे पडून राहिले. पण भंवरीदेवी गप्प बसल्या नाहीत.

त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या महिला संस्थांनी एक वेगळा प्रश्न विचारला. ही बाई सरकारने सांगितलेले काम करत होती. त्या कामापायी तिच्यावर हे संकट आले. मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी काम देणाऱ्याची नाही का? जयपूरची ‘विशाखा’ आणि इतर संस्था हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. तीन न्यायमूर्तींमध्ये एक होत्या सुजाता मनोहर, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. न्यायालयाने सांगितले की कामाच्या ठिकाणी छळ होऊ न देणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. कायदा होईपर्यंत पाळायचे नियमही घालून दिले. त्यांनाच ‘विशाखा मार्गदर्शक तत्त्वे’ म्हणतात. संसदेचा कायदा यायला मात्र २०१३ साल उजाडले.

आता आपल्या कामाचे बोलू. या कायद्यात फक्त कचेरी येते असे नाही. घरकामाला जाता ते घर, असंघटित कामाची जागा, मालकाने नेण्या-आणण्यासाठी दिलेली गाडी, हे सगळे त्यात येते. नको असताना अंगाला हात लावणे, अश्लील बोलणे, अश्लील चित्रे दाखवणे, शरीरसुखाची मागणी करणे, नाही म्हटले म्हणून काम तोडण्याची धमकी देणे, हा सगळा छळच.

दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्याकडे पोचवण्यासाठी तालुक्याला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी. उशिराला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. पोलिसांत जाण्याचा हक्क वेगळा, तो कायम आहेच.

मैत्रिणींनो, जिच्यामुळे लाखो बायकांना हा आधार मिळाला, तिला स्वतःला न्याय मिळाला नाही. हे विसरायचे नाही. आणि एक लक्षात घ्या, बहिष्काराने एकटी पडलेली ही बाई टिकली ती सोबतच्या बायकांमुळे. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या जिल्ह्याच्या समितीत कोण आहे, तालुक्याला तक्रार कोणाकडे द्यायची, याची चौकशी करा आणि ती नावे गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. उद्या एखादी मुलगी मुकादमाबद्दल दबक्या आवाजात काही सांगू लागली, तर “तू गप्प बस” असे म्हणू नका. वही काढा आणि तिच्यासोबत जा.