रेसची केबल कुठं गेली?

गेल्या पावसाळ्यात वाशीमहून मालेगावला निघालो होतो. नाशिकवालं नाही, आपलं मालेगाव. मध्येच बाइकचा चेक लाइट लागला. मूठ पूर्ण पिळली तरी गाडी रांगतच होती.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, केबल असती तं आत्ताच टाकून देली असती. याले ल्यापटॉप लागते." शेवटी गाडी टेम्पोत टाकून अकोल्याला नेली.

आधी मूठ पिळली की स्टीलची तार थेट इंजिनाची हवा उघडायची. 2006 मध्ये यामाहाच्या आर6 मध्ये हे काम चिप आणि मोटरकडे गेलं. गंमत म्हणजे, तिच्यातही मुठीपासून सेन्सरपर्यंत केबल होतीच! 2017 मध्ये आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकमध्ये हे तंत्र आलं. 2025 मध्ये हीरोच्या 125 सीसी ग्लॅमर एक्समध्येही आलं, क्रूझ कंट्रोलसकट.

यात सेन्सर सहसा दोन सिग्नल पाठवतो. ते जुळले नाहीत, की ईसीयू रेस मुद्दाम कमी ठेवतो. जुनी केबल अडकली तर रेस वाढलेलीच राहायची, ते जास्त धोक्याचं. म्हणजे माझी गाडी मला सांभाळतच होती. मी स्वतः कोड लिहितो, असे चेक मीही टाकतो.

पण माझा एरर लॉग मला वाचता येतो. गाडीचा माझ्या मिस्त्रीला येत नाही. चाळीस वर्षं केबल बदलणारा माणूस एका स्कॅनरपायी हात झटकतो, हे मला खटकतं. गाडी गावात आली, तशी तिची दुरुस्तीही गावात यायला हवी.