मोटारीचा पुढचा आंस

चाकाचें कौतुक सारेच करतात. तें चाक ज्यावर फिरतें त्या आंसाची आठवण मात्र तो वांकल्यावर किंवा मोडल्यावरच होते. आज त्या आंसाविषयीं, आणि त्यांतही मोटारीच्या पुढच्या आंसाविषयीं, मी चार शब्द सांगणार आहें.

मी यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. नायगांवांत राहून मुलांना इतिहास शिकविणारा एक निवृत्त मास्तर आहें. परंतु माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा येथें मोटारदुरुस्तीचा धंदा आहे. एकदां त्याच्या दाराशीं एक मालमोटार उभी होती. तिचें पुढचें एक चाक खड्ड्यांत जोरानें आपटलें होतें. तेव्हांपासून टायर एकाच कडेला झिजे आणि गाडी एका बाजूस ओढे. आंस वांकला होता. गाडी कर्जाची. मालक काकुळतीनें म्हणाला, "मिस्त्री, भट्टींत तापवून सरळ करा. नव्याला पैसे कुठून आणूं?" मिस्त्रीनें साफ नकार दिला. त्या नकाराचें मर्म कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

आपल्या बैलगाडीला पुढचा आंस व मागचा आंस हा भेदच नाहीं. दोन चाकें, एक आंस. बैल वळले कीं गाडी वळली. गाडीला चार चाकें आलीं तेव्हां मात्र पुढचीं चाकें वळवावयाचीं कशीं, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या रस्त्यांनीं या प्रश्नाचीं तीन उत्तरें पाहिलीं आहेत.

पहिलें उत्तर ट्रामचें. घोड्यांची ट्राम येथें ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली व विजेची ७ मे १९०७ रोजीं. तिला वळण देणारे रूळच असत. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला आली. आमच्या शेजारच्या दादर टी. टी. या नांवांत तिचें अखेरचें स्थानक अजून शिल्लक आहे. दुसरें उत्तर व्हिक्टोरियाचें. तिचा पुढचा आंस मधल्या खिळीवर सबंधच्या सबंध फिरे. गाडी थोड्या जागेंत वळे खरी. पण वेगांत वळविली तर कलंडण्याचें भय. २०१५ सालीं उच्च न्यायालयाच्या निकालानें या गाड्या बेकायदा ठरल्या.

तिसरें उत्तर म्यूनिक शहरांतील लंकेनस्पर्गर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें १८१७ च्या सुमारास काढलें, आणि ॲकरमान यानें १८१८ सालीं लंडनमध्यें त्याचा हक्क नोंदविला. त्यांत मुख्य आंस स्थिर राहतो. त्याच्या दोन टोकांस उभ्या खिळीवर दोन आंखूड आंस फिरतात आणि त्यांवर चाकें बसतात. वळणाच्या आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळतें. युक्ति निघाली घोडागाडीसाठीं. तिचें सोनें केलें मोटारीनें.

मुंबईंत १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धांवली. १९२८ सालीं आमच्या नायगांवाला लागून असलेल्या शिवडींत जनरल मोटर्सनें कारखाना काढला. सुटे भाग जहाजानें येत आणि येथें जुळविले जात. १९५४ सालीं तो बंद झाला. पण एका मापाचे भाग हजारों गाड्यांस बसतात, ही नवी गोष्ट त्यानें आम्हांला डोळ्यांदेखत दाखविली. बैलगाडीचा आंस गांवचा लोहार घडवी व तोच सरळ करी. मोटारीचा आंस बदलावयाचा असतो.

कां? मिस्त्रीनें मालकाला समजाविलें, "शेठ, हें पोलाद घडवून त्याला पाणी दिलेलें आहे. भट्टींत तापविलें कीं पाणी उतरेल. वरून सरळ दिसेल, पण उद्यां उतारावर भरल्या गाडीखालीं दगा देईल. मग रस्त्यावरच्या माणसाला काय सांगाल?" मालक बराच वेळ गप्प बसला. दोन दिवसांनीं पैशांची जुळवाजुळव करून तो नवा आंस घेऊन आला.

मीं तें काम शेजारीं बसून पाहिलें. आधीं मागच्या चाकांना लांकडी ठोकळे लावले. जॅकनें पुढची बाजू उचलली, पण भार दिला भक्कम घोड्यांवर; नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणी शिरलें नाहीं. चाकें, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा सोडविला. कमानींना आंस आवळून धरणारे यू बोल्ट काढले आणि आंस हळूहळू खालीं उतरविला. कमान व आंस यांच्यामध्यें एक पाचर असते. तिची जाड बाजू कोणीकडे होती, हें त्यानें खडूनें लिहून ठेवलें. ती उलटी बसली तर वळणानंतर चाकें आपोआप सरळ होत नाहींत. नव्या आंसावर नव्या खिळी व बुश बसविले, वंगण भरलें, ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढली. अखेर दोन चाकांमधील अंतर पुढून व मागून मोजून कारखान्याच्या मापाशीं ताडून पाहिलें. निघतांना मालकास बजाविलें, "थोडी गाडी चालली कीं परत या. यू बोल्ट पुन्हां आवळावे लागतील."

मालक तिसऱ्याच दिवशीं परत आला. बोल्ट खरोखरच थोडे सैल झाले होते.

श्रोतेहो, मीं या विद्यार्थ्याला शाळेंत सनावळ्या पाठ करावयास लावल्या. दोनशें वर्षांपूर्वींच्या एका कारागिराची युक्ति आज कोणाच्या भरंवशावर रस्त्यावर धांवते, हें त्यानें मला शिकविलें. आंस बाजारांत तयार मिळतो. "नाहीं, हें मी करणार नाहीं," असें म्हणणारा मिस्त्री मात्र शोधावा लागतो.